कोरड्या सेलचा ओला इतिहास

शाळेतले एखादे जुने कपाट आवरायला काढले की त्यात बहुधा एक ट्रान्झिस्टर निघतो. कधीकाळी त्यावर आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम ऐकलेले असतात, निवडणुकीचे निकाल ऐकलेले असतात. मग कोणीतरी तो कपाटात ठेवतो आणि सेल काढायचे राहून जातात. वर्षांनंतर मागचे झाकण उघडावे तर सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी, स्प्रिंगवर हिरवट-निळसर थर आणि एखादा सेल जागचा हलायला तयार नाही, असे दृश्य दिसते. पाहणारा म्हणतो, "सेलमधले अ‍ॅसिड गळले."

हे वाक्य पुष्कळदा चुकीचे असते, हे आम्हांला आमच्याच चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या मल्टिमीटरमध्ये सेल पाझरले. आम्ही सगळे विज्ञान शिकलेले. पण 'अ‍ॅसिड' हा शब्द कानावर पडला आणि आम्ही लगेच खाण्याच्या सोड्याचे पाणी केले. ते भुकटीवर लावले, पण काहीच फसफसले नाही. आम्ही तिकडे दुर्लक्ष केले, वरवर पुसले आणि मीटर परत कपाटात ठेवला. काही महिन्यांनी पाहिले तर ऋण अग्राकडून निघणारी तार प्लॅस्टिकच्या आवरणाखाली आतपर्यंत काळी पडून तुटली होती आणि मंडलाच्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. सेल अल्कलाइन होते. अल्कलीवर आम्ही दुसरी सौम्य अल्कली लावली होती! आधी परीक्षण आणि मग उपाय, हे विद्यार्थ्यांना सांगणारे आम्ही स्वतःच ते विसरलो होतो.

त्यानंतर आम्ही सेलच्या गळतीचा इतिहास जरा मुळापासून वाचला. तो वाचल्यावर लक्षात आले, की सेलमध्ये दोनशे वर्षांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा गळती थांबवण्यासाठी झाल्या आहेत. प्रत्येक वेळी गळती एका ठिकाणी थांबली आणि दुसरीकडे उगवली.

गळती घटाइतकीच जुनी

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा याने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या नव्या उपकरणाची माहिती कळवली. चांदीची आणि जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशा जोड्या एकावर एक रचून त्याने उभी चळत केली होती. हाच पहिला विद्युतघट. पण चळत उंच झाली की वरच्या चकत्यांच्या वजनाने खालचे पुठ्ठे पिळले जात, मिठाचे पाणी बाजूने ओघळे आणि शेजारच्या चकत्या त्या ओलाव्याने आपसांत जोडल्या जाऊन प्रवाह वाया जाई. म्हणजे जगातला पहिला विद्युतघटसुद्धा गळकाच होता.

इंग्लंडमध्ये विल्यम क्रुकशँक याने लवकरच यावर साधा उपाय काढला. त्याने चळत आडवी केली. लाकडी पेटीत धातूच्या पट्ट्या उभ्या बसवून मधल्या फटींत द्रव ओतला. ओघळण्याचा प्रश्न सुटला. पण आता द्रवाने भरलेली पेटी सांभाळत बसणे आले.

याच काळात दुसरी अडचण ध्यानात आली. घट वापरात नसला तरी त्यातले जस्त हळूहळू झिजते आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात. बाजारातल्या जस्तात लोखंडासारख्या अशुद्धी असतात. अशुद्धीचा कण आणि भोवतालचे जस्त मिळून एक चिमुकला घट तयार होतो आणि तो बाहेरच्या मंडलाची वाट न पाहता चालू राहतो. विल्यम स्टर्जन, म्हणजे विद्युतचुंबक तयार करणाराच संशोधक, याने १८३० मध्ये दाखवून दिले, की जस्ताच्या पृष्ठभागावर पारा चोळला तर ही झीज जवळजवळ थांबते. पाऱ्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू तयार होणे फार अवघड असते. जस्त आपले काम करते, पण बुडबुडे येत नाहीत. हा पारा पुढे सेलमध्ये दीडशेहून अधिक वर्षे राहिला. त्याच्याकडे आपण परत येणारच आहोत.

नवसागराची चढण

१८६६ मध्ये फ्रान्समधल्या जॉर्ज लेक्लांशे याने आपला प्रसिद्ध घट तयार केला. काचेच्या बरणीत नवसागराचे, म्हणजे अमोनियम क्लोराइडचे द्रावण, त्यात जस्ताची कांडी, आणि सच्छिद्र भांड्यात मँगॅनीज डायऑक्साइड व कार्बन. तीव्र आम्ल नाही, धूर नाही. तारायंत्राच्या कामासाठी तो लवकरच लोकप्रिय झाला. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत ही बरणी पाहिली असेल. तिच्या तोंडाला आतबाहेर काळा किंवा मेणाचा लेप दिलेला असे. तो शोभेसाठी नव्हता.

नवसागराचे द्रावण काचेवर किंचित वर चढते, तिथले पाणी उडून जाते आणि स्फटिक राहतात. त्या स्फटिकांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने आणखी द्रावण वर ओढले जाते आणि पुन्हा स्फटिक होतात. असे करत करत क्षार बरणीचा काठ ओलांडून बाहेर उतरतो. जुन्या भिंतीला लोणा लागतो तेव्हा जे घडते, तेच इथे घडते. मेणावर पाणी पसरत नाही, म्हणून मेणाचा लेप ही चढण रोखतो.

हा क्षार बाहेर आला तर बिघडले कुठे, असे विचाराल तर कल्हईवाल्याला आठवा. तापलेल्या पितळी भांड्यावर तो नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि भांडे चकचकीत होते. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, म्हणून कथील नीट बसते. कल्हईवाल्याच्या हाती क्षणभर चालणारी हीच क्रिया ट्रान्झिस्टरच्या पितळी पट्टीवर दमट हवेत महिनोन् महिने चालली, तर पट्टी उरणार नाही.

भांडेच इंधन

बरणी हलवली की सांडणार, हा लेक्लांशे घटाचा मोठा दोष होता. जर्मनीतल्या कार्ल गासनर याने १८८६ मध्ये नवसागराच्या द्रावणात प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळून त्याचा लगदा केला, त्यात थोडे झिंक क्लोराइड घातले आणि जस्ताचीच डबी करून तिच्यात हा लगदा भरला. हाच 'कोरडा' घट. तो खरे तर कोरडा नव्हताच. आतला ओलावा पूर्ण सुकला तर घट बंदच पडेल. 'कोरडा' याचा अर्थ 'न सांडणारा' एवढाच. अमेरिकेतल्या नॅशनल कार्बन कंपनीने १८९६ मध्ये टेलिफोनसाठी 'कोलंबिया' नावाचा सहा इंच उंचीचा, दीड व्होल्टचा कोरडा घट बाजारात आणला आणि विद्युतघट घरोघरी पोचला. थोड्याच वर्षांत हातात धरायची बॅटरी आली.

गासनरची युक्ती मोठी चतुर होती, पण तिच्यातच पुढच्या गळतीचे बीज होते. जस्ताची डबी हे या घटाचे भांडे, आणि तेच त्याचे इंधन! वीज मिळते ती जस्त झिजल्यामुळे. वर्गात हे गणित करून पाहण्यासारखे आहे. जस्ताचा अणुभार सुमारे ६५.४; प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. त्यावरून १ ग्रॅम जस्त पूर्ण वापरले तर सुमारे ०.८२ अँपिअर-तास इतका विद्युतभार मिळतो. एखादा रेडिओ २० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल तर ५० तासांत १ अँपिअर-तास होतो. म्हणजेच प्रत्येक सेलच्या भिंतीतले सुमारे सव्वा ग्रॅम जस्त तेवढ्या वेळात विरघळते. ही भिंत सगळीकडे सारखी झिजत नाही. कुठेतरी भोक पडते आणि आतला नवसागर व झिंक क्लोराइड यांचा चिकट, किंचित आम्लधर्मी रस बाहेर येतो. 'अ‍ॅसिड गळले' हे वाक्य या सेलच्या काळातले आहे आणि या सेलपुरते ते बरेचसे खरेही आहे.

आपल्याकडे सेल मंद झाले की उन्हात ठेवायची पद्धत होती. त्यात तथ्य होते. उष्णतेने आतल्या क्रिया आणि कणांची हालचाल वाढते, म्हणून सेल आणखी थोडा वेळ चालतो. पण झीजही वाढते आणि पातळ झालेली भिंत लवकर फुटते. उन्हातून काढलेले सेल पुन्हा रेडिओत घालून विसरणे म्हणजे गळतीला आमंत्रणच!

पत्र्याचा अंगरखा

भिंत फुटणारच असेल तर तिच्याबाहेर दुसरी भिंत बांधा, हा पुढचा उपाय. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रे-ओ-व्हॅक कंपनीने जस्ताच्या डबीभोवती पोलादी पत्र्याचे आवरण घातलेला 'न गळणारा' सेल आणला. आपल्या बाजारातही कागदी वेष्टनाचे स्वस्त आणि पत्र्याच्या वेष्टनाचे थोडे महाग असे दोन्ही प्रकारचे सेल मिळत. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याचा रेडिओ गळतीने आधी खराब होई.

दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधातल्या लढायांमध्ये नेहमीचे सेल साठवणुकीतच खराब होऊ लागले. तेव्हा अमेरिकेत सॅम्युएल रुबेन याने मर्क्युरिक ऑक्साइड आणि जस्त यांचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरणारा बंदिस्त सेल तयार केला. सेलच्या पोटात आता आम्लधर्मी क्षाराऐवजी तीव्र अल्कली आली होती.

भुकटीचे जस्त

१९५५ मध्ये कॅनडातला तरुण अभियंता ल्युइस अरी याला युनियन कार्बाइड कंपनीच्या एव्हरेडी विभागाने अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवले. काम होते, कार्बन-जस्त सेलचे आयुष्य वाढवण्याचे. अरीने तो सेल सुधारण्याऐवजी मँगॅनीज डायऑक्साइड आणि जस्त यांचा अल्कली वापरणारा सेल करायचे ठरवले. जस्ताच्या पत्र्याने पुरेसा प्रवाह मिळेना, तेव्हा त्याने जस्ताची भुकटी वापरली. वरिष्ठांना पटवण्यासाठी त्याने दोन सारख्या खेळण्यातल्या मोटारी घेतल्या, एकीत जुना सेल आणि दुसरीत आपला, आणि त्या कंपनीच्या उपाहारगृहात जमिनीवर सोडल्या. जुन्या सेलची मोटार थांबली, तरी अरीची चालतच राहिली. १९५९ मध्ये हे सेल बाजारात आले.

भुकटीने एवढा फरक का पडावा? एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे ०.१ मिलिमीटर बाजूचे दहा लाख घन केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते. जस्त तेवढेच, पण क्रियेला मिळणारी जागा शंभरपट.

अल्कलाइन सेलची रचना जुन्या सेलच्या नेमकी उलटी आहे. बाहेरची डबी पोलादी, तिला लागून मँगॅनीज डायऑक्साइड, आणि मधोमध पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दाट जेलमध्ये जस्ताची भुकटी. भांडे आणि इंधन वेगळे झाले; वीज घेतल्याने भिंतीला भोक पडण्याचे कारण उरले नाही. म्हणजे गळती संपली, असे कुणालाही वाटावे. पण जस्ताचे पृष्ठफळ शंभरपट झाले, तशी नको असलेल्या क्रियेलाही शंभरपट जागा मिळाली. अल्कलीत जस्ताची पाण्याशी हळूहळू क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. बंद डबीत हायड्रोजन साठला की दाब वाढतो.

इथे स्टर्जनचा पारा पुन्हा मदतीला आला. जस्ताच्या भुकटीत तिच्या वजनाच्या काही टक्के पारा मिसळला, की हायड्रोजन जवळजवळ थांबे. अनेक वर्षे आपल्या घड्याळांत आणि कॅमेऱ्यांत हा पारा गुपचूप काम करत होता.

थांबलेली गळती कुठे गेली?

सेल संपला की आपण तो कचऱ्यात टाकतो. तिथून तो उकिरड्यावर जातो, गंजतो किंवा कचऱ्याबरोबर जाळला जातो. यंत्राच्या आत रोखलेली गळती अशा रीतीने यंत्राबाहेर, माती, पाणी आणि हवेत होत होती. फरक इतकाच, की ती दिसत नव्हती.

जपानमधल्या मिनामाता गावी १९५६ मध्ये एका विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथाइल मर्क्युरी माशांवाटे माणसांच्या शरीरात गेला होता. तो पारा सेलमधला नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. पण पाऱ्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्या घटनेने बदलली आणि कचऱ्यातल्या कोट्यवधी सेलचा हिशेब मांडला जाऊ लागला. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने अल्कलाइन सेलमधल्या पाऱ्यावर मर्यादा घातली, १९९२ च्या सुमारास जपानमध्ये पाराविरहित अल्कलाइन सेल आले, आणि १९९६ मध्ये अमेरिकेने कायदा केला. पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला; त्याला मिनामाताचेच नाव दिले आहे. भारतात २००१ चे बॅटरीविषयक नियम शिशाच्या बॅटरीपुरते होते. २०२२ च्या नियमांत आपल्या हातातल्या छोट्या सेलचाही समावेश झाला.

पाऱ्याची जागा अतिशुद्ध जस्ताने आणि त्यात अल्प प्रमाणात मिसळलेल्या इंडियम, बिस्मथ यांसारख्या धातूंनी घेतली. या बदलाने बरेच साधले, तरी हायड्रोजन थोडा थोडा तयार होतोच. म्हणून सेलच्या ऋण टोकाकडच्या प्लॅस्टिकच्या बुचात मुद्दाम एक पातळ जागा ठेवलेली असते. दाब फार वाढला की डबी फुटण्याऐवजी ही जागा फाटते. म्हणजे आपल्याला दिसणारी गळती ही एका अर्थी स्फोट टाळणारी झडप आहे.

पारा काढल्यामुळेच हल्लीचे सेल गळतात, असे मात्र सरसकट म्हणू नये. आपल्या सवयींचाही त्यात वाटा आहे. चार सेलच्या माळेत एक जुना आणि तीन नवे घातले, तर जुना आधी संपतो. उरलेले तिघे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात आणि त्या मेलेल्या सेलमध्ये भराभर हायड्रोजन तयार होतो. 'बंद' असलेली अनेक उपकरणेही किंचित प्रवाह घेतच असतात. कपाटातले उपकरण महिनोन् महिने सेलला असे शेवटच्या थेंबापर्यंत पिळत राहते.

बाहेर आलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूवरून पातळ थर होऊन पसरते. ऋण अग्राच्या धातूवर हा थर विशेष जोमाने पुढे सरकतो. आमच्या मीटरची ऋण बाजूची तार आवरणाखाली का काळी पडली, त्याचे कारण हेच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन त्याचे पोटॅशियम कार्बोनेट होते. हीच ती पांढरी भुकटी.

हळदीला विचारा

आता कपाटातल्या ट्रान्झिस्टरकडे वळू. पहिली गोष्ट, सेलवरचे लेबल वाचा. 'अल्कलाइन' असे छापलेले असेल तर उत्तर मिळाले. लेबल खाल्ले गेले असेल तर नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. पोटॅशियम कार्बोनेट हवेतले बाष्प ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात कोकणात तेही झिंक क्लोराइडसारखेच ओलसर, चिकट दिसेल.

यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच दर्शक आहे. हळद पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवून गाळण-कागदाला लावा आणि सावलीत सुकवा. त्याची बारीक पट्टी शुद्ध पाण्याने ओली करून चिमट्याने भुकटीला लावा. पट्टी कुंकवासारखी लाल झाली तर अल्कली. पिवळीच राहिली तर कार्बन-जस्त सेलचा रस. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच हे रसायनशास्त्र. साबणाचा हात लागला तरी पट्टी लाल होते, म्हणून हात स्वच्छ धुतलेले हवेत.

साफ करताना

हे काम प्रथम शिक्षकांनी स्वतः करावे. डोळ्यांवर चश्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. अल्कली त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरते, आणि डोळ्यांना ती विशेष घातक असते. डोळ्यात कण गेलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. तिथे लिंबू किंवा व्हिनेगर यांचा प्रयोग करू नये.

सेल काढण्याआधी ते कसे बसवले होते याचे चित्र काढा किंवा छायाचित्र घ्या. अडकलेला सेल लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सैल करा. तो तापवू नका, कापू नका. सुटी भुकटी ब्रशने कागदावर झाडून घ्या. फुंकर मारू नका.

अल्कली असेल तर कापूस गुंडाळलेली काडी खाण्याच्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून, निथळवून, डागावर टेकवा. बुडबुडे येतील. कार्बोनेट आणि आम्ल यांच्या क्रियेतून निघणारा तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. कार्बन-जस्त सेलचा रस असेल तर खाण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण त्याच पद्धतीने वापरा. दोन्ही वेळा हे द्रावण तिथेच राहू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या काडीने दोन-तीनदा पुसा आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या, म्हणजे ओलावा लवकर उडून जाईल. जवळपास ज्योत नको. उपकरण एक दिवस सावलीत, हवेशीर जागी उघडे ठेवा.

पट्टीवर उरलेला थर साध्या खोडरबराने निघतो. अगदीच हट्टी असेल तर बारीक पॉलिश पेपर वापरावा. तारेची घासणी नको. तिचे तुटलेले तंतू मंडलात शिरून दोन रेषा जोडतात. स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा गेला असेल तर ती पुन्हा गंजणारच, म्हणून बदलावी. ऋण बाजूची तार काळी पडली असेल तर तीही बदलावी. ही गोष्ट शिकायला आम्हांला एक मीटर खर्ची घालावा लागला.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या अनेक संगणकांत मुख्य पट्टीवर निकेल-कॅडमियमची छोटी पिंपासारखी बॅटरी झाळलेली असे. तिच्यातही पोटॅशियम हायड्रॉक्साइडच असते आणि रसायनशास्त्र तेच. पण कॅडमियम विषारी असल्याने असा संगणक विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. काम जाणकाराकडून करून घ्यावे.

काढलेले सेल आणि वापरलेला कापूस पिशवीत बंद करून सेल-संकलनाकडे द्यावेत. शाळेत एक डबा ठेवून त्यावर 'फक्त संपलेले सेल' असे लिहिले, तरी सुरुवात होते. नाहीतर आपण ट्रान्झिस्टर स्वच्छ करू आणि गळती तेवढी उकिरड्यावर पोचवू. दोनशे वर्षे जे होत आले, तेच पुन्हा.

आणि सर्वांत स्वस्त उपाय कोणत्याही रसायनाशिवायचा आहे. उन्हाळी सुटीच्या आधी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन शाळेतल्या प्रत्येक उपकरणातले सेल काढून ठेवा. भिंतीवरचे घड्याळ, ध्वनिवर्धकाचा माइक, प्रयोगशाळेतले मीटर, सगळ्यांतले. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात काय तापमान होते, ते सेलला फार चांगले कळते. आमच्याकडे ही यादी आता प्रयोगशाळेच्या दारामागे लावलेली असते. यादीच्या वरच्या खिळ्याला त्या मल्टिमीटरची काळी पडलेली तार अडकवलेली आहे. नवा विद्यार्थी आला की ती कसली, असे विचारतो, आणि आम्हांला ही सगळी हकिगत पुन्हा सांगावी लागते.